साचा थांबला की बघा: बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये

इंग्लंडमधल्या बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल, म्हणजे वाफेवर चालणारी जुनी कापड विणायची गिरणी, बघायची तर तारीख ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: त्या दिवशी इंजिन चालणार आहे का? मिल रोज उघडी नसते, आणि उघडी असते त्या प्रत्येक दिवशी वाफ असतेच असं धरून चालू नका. नुसत्या बंद साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, रांगा बघून परत यायचं असेल तर फोटो पुरेत. साचेखातं चालताना कळतं, आणि त्याहून जास्त ते अडतं तेव्हा कळतं.

मिल लँकशरमध्ये, बर्नलीच्या ईशान्येला हार्ल साइक नावाच्या गावात चढावर आहे. मँचेस्टरहून थेट गाडीने बर्नली मँचेस्टर रोड स्टेशनला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी करायची. पायात पुढून बंद बूट हवेत. साचेखात्यातली दगडी फरशी वर्षानुवर्षांचं तेल प्यायलेली असते. ओढणी, सैल स्कार्फ, मोकळे केस आवरून बांधून ठेवा, कारण कठड्यापलीकडे पट्टे फिरत असतात. कानातले बोळे स्वतःचे असले तर उत्तम. लहान मूल बरोबर असेल तर कान पूर्ण झाकणारे मफ न्याच. आणि वेळ मोजून जाऊ नका. इंजिनघर, पूर्वतयारीचं खातं आणि साचेखातं मिळून तीन तास सहज जातात, त्यातला निम्मा वेळ एकाच साच्यापुढे घालवावा असं आमचं मत आहे.

इमारत १८९४ ची, उत्पादन सुरू झालं १८९५ मध्ये. गावातल्याच लोकांनी भाग घेऊन ही कंपनी काढली होती, त्यामुळे काही विणकर आपल्याच गिरणीचे भागधारकही होते. ऐन भरात इथे हजाराहून जास्त साचे होते. हा आकडा मोठा वाटतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या बर्नलीत लाखाच्या आसपास साचे चालत होते. मार्च १९८२ मध्ये धंदा बंद झाला. आज तीनशेच्या वर साचे जागेवर आहेत. पुढे संग्रहालय झालं, २०१६ मध्ये काउंटी कौन्सिलच्या काटकसरीत तेही बंद पडलं आणि २०१८ मध्ये पुन्हा उघडलं. वाफेच्या इंजिनावर चालणारी अशी विणकामाची गिरणी जगात हीच एक उरली आहे.

मुंबईच्या गिरण्या डोळ्यांपुढे ठेवून आलेल्याला इथे एक गोष्ट खटकते. कापसाची गाठ कुठेच दिसत नाही. ब्लोरूम नाही, कार्डिंग नाही, रिंग खातं नाही, म्हणजे कापूस पिंजून सूत काढण्याचं एकही खातं नाही. ते कधी नव्हतंच. लँकशरमध्ये कामाची वाटणी गावागावांत झाली होती. ओल्डहॅम, बोल्टन ही दक्षिणेकडची गावं सूत काढायची. बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न ही उत्तरेकडची गावं ते विणायची. क्वीन स्ट्रीटमध्ये सूत तयार यायचं आणि कोरं कापड बाहेर पडायचं. धुलाई, रंगाई, छपाईसुद्धा दुसरीकडे. कताई बघायची असेल तर दुसरा दिवस राखून हेल्मशोरच्या गिरण्या बघाव्यात; तिथे म्यूल नावाची सूत काढायची यंत्रं आहेत, आणि शेजारी अठराव्या शतकातली पाणचक्कीवर चालणारी लोकर कुटायची गिरणीही आहे.

सुरुवात बॉयलरपासून करावी. बरेच पाहुणे आवाजाच्या दिशेने थेट साचेखात्यात शिरतात आणि मग इंजिन उरलेल्या दहा मिनिटांत उरकतात. क्रम उलटा झाला की छताजवळ फिरणारे शाफ्ट नुसती सजावट वाटतात.

बॉयलर लँकशर पद्धतीचा. १८४४ मध्ये फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी पेटंट घेतलेली ही रचना. आडवं पोलादी पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेले दोन मोठे नळ, आणि प्रत्येक नळाच्या तोंडाशी एक भट्टी. धग नळांतून मागे जाते, तिथून विटांच्या बांधकामातल्या बोळातून बॉयलरच्या पोटाखालून पुढे येते, मग दोन्ही कुशींना घासत परत मागे जाऊन चिमणी गाठते. एका विस्तवाची धग तीन वेळा वापरायची, हा हिशोब. दोन भट्ट्यांचा फायदा असा, की आळीपाळीने कोळसा टाकला की एकीचा धूर निघत असताना दुसरी लखलखीत जळत असते. कोळसा पातळ पसरायचा. ढीग केला तर खालून हवा मिळत नाही आणि चिमणीतून काळा धूर निघतो, म्हणजे पैसाच जातो.

थंड पडलेला लँकशर बॉयलर सकाळी पेटवून दहा वाजता चालवता येत नाही. विस्तव नळात असतो, त्यामुळे वरचं पाणी आधी तापतं आणि तळाचं बराच वेळ थंड राहतं. घाई केली तर पिंप वरून फुगतं, खालून फुगत नाही. मग सांधे ताणतात आणि रिव्हेटांतून पाणी झिरपू लागतं. भोवतीच्या विटाही हळूहळूच तापतात. म्हणून एक-दोन दिवस आधीपासून मंद विस्तव ठेवतात. गिरणी रोज चालायची तेव्हा रात्री विस्तव विझवत नसत. निखारे मागे ओढून, राखेने दाबून ठेवत. पुढच्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या दिसतील. बॉयलरवाल्याची नजर वाफेच्या काट्यापेक्षा त्यांच्यावर जास्त असते. पाणी भट्टीच्या छपराखाली गेलं तर ते पोलाद लाल होऊन मऊ पडतं. शेवटचा बचाव म्हणून छपरात वितळणाऱ्या धातूची गुडदी बसवलेली असते. पाणी उतरलं की ती वितळते आणि वाफ विस्तवावर सुटते.

इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांतता. मूळ नाव 'प्रुडन्स' होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर ते बदललं. बनवलं शेजारच्या नेल्सनमधल्या विल्यम रॉबर्ट्स यांच्या कारखान्याने, ताकद ५०० अश्वशक्ती. टँडेम कंपाउंड म्हणजे दोन सिलिंडर एकामागे एक, एकाच दांड्यावर. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये जाते. तिथे तिचा दाब उतरतो, पण दम संपत नाही, म्हणून ती पुढच्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा राबते आणि शेवटी कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते. वाफेचं पाणी झालं की तिथे पोकळी तयार होते आणि ती पिस्टनला आपल्याकडे ओढते. त्यासाठी थंड पाणी भरपूर लागतं. गिरणीशेजारचं तळं, ज्याला तिकडे 'लॉज' म्हणतात, त्याचा उपयोग तोच. उन्हाळ्यात तळं कोमट झालं की पोकळी कमी पडायची आणि तेवढ्याच कामाला कोळसा जास्त लागायचा.

सुरुवात करताना सिलिंडर आधी वाफेने शेकतात आणि खालच्या तोट्या उघड्या ठेवतात. थंड लोखंडाला लागून वाफेचं पाणी होतं. ते आत राहिलं तर पिस्टन त्याच्यावर आपटतो, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे सिलिंडरचं झाकणच फुटतं. तोट्यांतून आधी पाणी थुंकतं, मग ओली फसफस, मग कोरडी वाफ. हा फरक कानाने ओळखतात. दुसरी अडचण क्रँकची, म्हणजे दांड्याची सरळ ये-जा चक्राच्या फिरण्यात बदलणाऱ्या कोपराची. दोन्ही पिस्टन एकाच दांड्यावर, म्हणजे क्रँकही एकच. ती अगदी एका टोकाशी, दांड्याच्या सरळ रेषेत थांबली असेल तर कितीही वाफ द्या, इंजिन जागचं हलणार नाही. मग मोठं चक्र आधी थोडं फिरवून घ्यावं लागतं. याला 'बारिंग' म्हणतात.

एकदा फिरू लागलं की इंजिन अजिबात गोंगाट करत नाही. चपटा, तेलकट, घड्याळासारखा ठोका. इथे इंजिनाचा वेग सारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरचे फिरणारे गोळे नीट बघून ठेवा, पुढे त्यांचा संबंध येणार आहे. ५०० अश्वशक्ती आणि हजार साचे, म्हणजे साच्यामागे साधारण अर्धी अश्वशक्ती. पट्टे आणि शाफ्ट फिरवण्यात जाणारी ताकद त्यातूनच वजा.

इंजिनाची गती मुख्य शाफ्टवर जाते. हा शाफ्ट साचेखात्याच्या कडेने धावतो, आणि त्यापासून तिरक्या दातांच्या चक्क्यांनी काटकोनात निघालेले आडवे शाफ्ट साच्यांच्या रांगांवरून जातात. छत पेलणारे ओतीव लोखंडाचे खांबच हे शाफ्टही पेलतात. प्रत्येक साच्याला वरून एक चामडी पट्टा येतो. साच्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या असतात: एक शाफ्टला घट्ट बसवलेली, एक मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की साचा उभा. दांडी सरकवून तो घट्ट पुलीवर आणला की साचा चालू. क्लच म्हणा, स्विच म्हणा, एवढंच.

पूर्वतयारीचं खातं बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं. पण कापडातले निम्मे दोष इथेच जन्माला येतात. समजा ४० इंच पन्ह्याचं, इंचाला ६८ तारांचं कापड काढायचंय. म्हणजे ताण्याला, कापडाच्या लांबीत जाणाऱ्या उभ्या सुताला, २,७२० तारा. त्या एकदम गुंडाळता येत नाहीत, म्हणून आधी प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास तारांचे सहा बीम, म्हणजे सुताचे मोठे रूळ, भरायचे, मग सहाही बीम एकत्र ओढून, कांजीतून काढून, गरम ड्रमांवर वाळवून एकच विणाईचा बीम करायचा. कांजी नसेल तर दर फेरीला वही (तारा खालीवर करणारी डोळ्यांची जाळी) आणि फणी (तारा सारख्या अंतरावर धरणारी कंगव्यासारखी पट्टी) यांच्या घासण्याने तार पिंजारते आणि तुटते. कांजीत पीठ आणि चरबी. स्वस्त मालात वजन वाढवायला चिनी मातीही घालत, आणि अशा जड कांजीची तार कोरड्या हवेत कडक होऊन मोडते, म्हणून खात्यात वाफ सोडत. ती इतकी सोडू लागले, की १८८९ मध्ये हवेतल्या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला.

मग वहिफणी. प्रत्येक तार वहीच्या एका डोळ्यातून आणि फणीच्या एका घरातून हाताने ओढायची. दोघे समोरासमोर बसतात. एकजण मागून नेमकी पुढची तार हाती देतो, दुसरा आकड्याने ती ओढून घेतो. २,७२० वेळा. साध्या कापडाला फणीच्या एका घरात दोन तारा जातात. चुकून एका घरात तीन गेल्या तर कापडाच्या पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत एक जाड रेघ पडते आणि विणकराला ती पुसता येत नाही. लँकशरकडे फणीचा नंबर दोन इंचांतल्या घरांवरून सांगतात. एका घरात दोन तारा असल्यामुळे तोच आकडा इंचाला किती तारा तेही सांगतो. ६८ ची फणी म्हणजे इंचाला ६८ तारा. गुणाकार-भागाकार न करता चालणारा हिशोब. त्याच जातीचं कापड पुढे चालू ठेवायचं असेल तर हा सगळा खटाटोप टळतो: जुन्या बीमाच्या शेपट्या वहीत तशाच ठेवून नव्या बीमाच्या तारा त्यांना एकेक करून गाठायच्या.

साचेखातं एकमजली आहे, आणि त्याला कारण आहे. शेकडो साचे एकाच वेळी ठोके देत असताना वरचा मजला टिकवणं अवघड, शिवाय जमिनीलगत ओलावा राहतो. कापसाची तार ओलसर असली की जास्त बळकट असते. कोरडा पूर्वेचा वारा सुटला की तारा पटापट तुटायच्या. छप्पर करवतीच्या दातांसारखं, काचा उत्तरेकडे. त्यामुळे थेट ऊन आत येत नाही, सावल्या पडत नाहीत, आणि तुटलेली एक तार दिसू शकते.

आता एका साच्यापुढे उभे राहा. ही लँकशर लूम. बुलो आणि केनवर्दी यांनी १८४२ मध्ये यंत्रमागात केलेल्या सुधारणांतून आलेली. याच घराण्यातले माग पुढे जगभर गेले, त्यामुळे इचलकरंजीचा साधा माग पाहिलेल्याला इथले भाग ओळखायला वेळ लागत नाही. वरच्या क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे बाण्याची, आडव्या सुताची, एक तार. खालचा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, आणि त्याच्यावरचे टॅपेट, म्हणजे उंचवट्याची चक्रं, वह्या खालीवर करतात. ताण्याच्या अर्ध्या तारा वर, अर्ध्या खाली, मधे फट; फटीतून बाण्याचं सूत नेणारा धोटा जातो; फणी बसवलेली चौकट पुढे येऊन ती तार कापडाला ठोकते; वह्या उलटतात. मिनिटाला साधारण दोनशे वेळा. इंचाला ६० बाण्याच्या तारा असतील तर एवढ्या धडपडीतून मिनिटाला सव्वातीन इंच कापड पुढे सरकतं, तासाला साडेपाच वार.

धोटा हातात घ्यायला मिळाला तर घ्या. कॉर्नेल किंवा पर्सिमनसारखं चिवट लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी चोच. त्याला मारणारा पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचा. लोखंड चोच बोथट करेल, लाकूड फुटेल, कातडं दोन्ही सोसतं. साच्याच्या वर आडवी हलणारी काठी चामडी वादीने पिकरला झटका देते आणि धोटा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो. तिथे पेटीची एक बाजू त्याला दाबून थांबवते. दाब कमी असेल तर तो आपटून मागे येतो. जास्त असेल तर पुढचा झटका कमी पडतो. वादी दमट हवेत ताणली की झटका उशिरा आणि दुबळा बसतो. साचे दुरुस्त करणाऱ्या जॉबरचं, तिकडच्या भाषेत टॅकलरचं, बरंचसं आयुष्य ही वादी अर्ध्या इंचाने आवळण्यात जायचं.

धोटा फटीत अर्ध्यावर राहिला आणि फणी ठोकायला आली तर? काही साच्यांत फणीची खालची पट्टी सैल असते. अडथळा आला की ती मागे झुलते आणि साचा थांबतो. जड साच्यांत फणी पक्की असते. तिथे धोटा पेटीत पोचला नाही तर एक आडवी सळई साच्याला धाडकन जागीच अडवते. हे दोन्ही जमलं नाही तर शेकडो तारा एकदम तुटतात आणि त्या गाठण्यात तास जातात. वेगाचा प्रश्नही इथेच येतो. धोट्याला बसणारा झटका साच्याच्या वेगावर अवलंबून असतो. इंजिन थोडं मंदावलं तर खात्यातले सगळे धोटे एकाच वेळी दुबळे होतात. त्या गव्हर्नरच्या गोळ्यांचं काम कोळसा वाचवणं एवढंच नव्हतं.

साचा सर्वांत जास्त वेळा थांबतो तो बाणा संपला म्हणून, आणि हेच थांबणं बघण्यासारखं आहे. एका कडेला तीन दातांचा लहानसा काटा असतो. चौकट पुढे आली की बाण्याची तार त्या दातांना उचलते. तार नसेल तर काटा उचलला जात नाही, त्याचं मागचं आकडं खालून येणाऱ्या हातोडीत अडकतं, दांडी सुटते, पट्टा मोकळ्या पुलीवर. डोळ्याने टिपायचं असेल तर दांडीकडे न बघता काट्याकडे बघा. हा काटा एकाच बाजूला असल्यामुळे दर दुसऱ्या फेरीला तपासतो. म्हणजे तार तुटल्यावर एखादी फेरी रिकामी जाऊ शकते. तसाच साचा पुन्हा चालवला तर कापडात विरळ पट्टा पडतो. म्हणून विणकर चौकट हाताने मागे घेतो, कापड किंचित मागे सोडतो, शेवटची खरी तार शोधतो, आणि मग दांडी ओढतो.

धोटा बदलायला सरावलेल्या हाताला काही सेकंद लागतात. दुसरा धोटा आधीच भरून ठेवलेला असतो: रिकामा काढायचा, भरलेला सरकवायचा, दांडी. रिकाम्यात नवी कांडी, म्हणजे बाण्याच्या सुताची गुंडाळी, बसवण्याचं काम साचा चालू असताना होतं. कांडीच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर आणायचं असतं, आणि जुन्या धोट्यांना ते तोंड लावून ओढून घेत. याला तिकडे 'धोट्याचं चुंबन' म्हणत. शब्द गोड आहे. प्रत्यक्षात तेल, कापसाची धूळ आणि त्याच धोट्याला आधी तोंड लावलेल्या सगळ्यांची थुंकी पोटात जायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद केली. तोंड न लावता सूत ओवता येईल असे खाचेचे धोटेही निघाले होते, पण जुने धोटे झिजेपर्यंत वापरले गेले.

किती वेळा बदलायचा, याचं गणित सोपं आहे. ४० इंच पन्हा आणि मिनिटाला २०० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला सुमारे २२२ वार बाणा. ३० नंबरचं सूत म्हणजे पौंडाला ८४० वारांच्या ३० लडी, २५,२०० वार. एका औंसात १,५७५. कांडीवर औंसभर सूत असेल तर ती सात मिनिटांत संपते. विणकराकडे चार साचे असतील तर दर पावणेदोन मिनिटांनी एक धोटा बदलायचा, सहा असतील तर दर सत्तर सेकंदांनी, आठ असतील तर दर त्रेपन्न सेकंदांनी. ताण्याची तार तुटली तर या साच्याला ते कळत नाही, तो विणतच राहतो आणि तुटलेली तार शेजारच्या तारांत गुंतून जाळं करते. ते डोळ्यांनीच शोधायचं, या सगळ्याच्या मधल्या वेळात. १९३१ मध्ये बर्नलीत मालकांच्या माणशी आठ साच्यांच्या आग्रहावरून टाळेबंदी झाली. त्रेपन्न सेकंदांचा आकडा डोक्यात ठेवून साच्यापुढे दहा मिनिटं उभं राहिलं की ती कशावरून झाली हे वेगळं सांगावं लागत नाही.

साच्याच्या मागे जाऊन बीमही बघा, तिकडे कुणी फिरकत नाही. बीमाच्या कडेला साखळी गुंडाळलेली असते आणि तिला तरफेवरचं वजन ओढून धरतं. याच घर्षणाने ताण राहतो. पण बीम रिकामा होत जातो तसा त्याचा घेर कमी होतो, आणि तोच अडसर लहान घेरावर पडला की तारांवरचा ताण वाढतो. म्हणून वजन अधूनमधून तरफेच्या आसाकडे सरकवावं लागतं. विसरलं तर बीम संपत येताना तारा तुटू लागतात आणि नवखा विणकर सुताला दोष देतो. आम्ही ज्या साच्यापाशी होतो त्याच्या तरफेवर खाचा इतक्या झिजलेल्या होत्या, की वजन कुठून कुठे जातं हे न विचारता दिसत होतं.

आवाजाबद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. मोजके साचे चालू असतानासुद्धा शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. हजार साच्यांत ओरडूनही उपयोग नव्हता. विणकर ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलत. त्या बोलीला 'मी-मॉ' म्हणत. दूरच्या रांगेतल्या माणसाशीही त्यातून गप्पा चालत, आणि त्या तिसऱ्याने पाहिल्या तर त्यालाही कळत. प्रश्न विचारायचे असतील तर साचे थांबल्यावर विचारा.

एक विरोधाभास मात्र इमारतीबाहेर पडेपर्यंत पाठ सोडत नाही. ही गिरणी सुरू झाली त्याच सुमारास अमेरिकेत ड्रेपर कंपनीने नॉर्थ्रोप लूम बाजारात आणली. तिच्यात कांडी संपली की चालत्या साच्यात आपोआप नवी बसायची, आणि एक विणकर कितीतरी जास्त साचे सांभाळायचा. हार्ल साइकच्या भागधारकांनी नवी गिरणी जुन्याच साच्यांनी भरली. त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण लँकशरचा बाणा म्यूलवर काढलेल्या, लाकडी नळी नसलेल्या कॉपवर, म्हणजे नुसत्या सुताच्या गुंडाळीवर, यायचा आणि तो नॉर्थ्रोपच्या कांड्यांच्या डब्यात बसत नव्हता. ऑर्डरी वारंवार बदलत होत्या, विणकर तरबेज होते, आणि साधी लूम स्वस्त होती, दुरुस्त करत करत पन्नास वर्षं चालायची. ती त्याहून जास्त चालली, म्हणूनच आज बघायला मिळते.

शेवटी थांबा. बरेच लोक इंजिन थांबण्याआधीच निघून जातात. इंजिन आधी थांबवत नाहीत. वेग उतरला की धोटे अर्ध्यावर अडकतील. आधी एकेका साच्याची दांडी सुटते, पट्टे मोकळ्या पुल्यांवर येतात, धोटे पेटीत बसतात, आणि वरचे शाफ्ट नुसतेच फिरत राहतात. मग इंजिनघरात वाफेचा झडप मिटतो. चक्र आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहतं, हळूहळू उतरतं, आणि इंजिनवाला सिलिंडरच्या तोट्या उघडता उघडता एकच गोष्ट बघत असतो: क्रँक कुठे येऊन थांबते. ती सरळ रेषेत थांबली, तर पुढच्या वेळी सुरुवात पुन्हा बारिंगपासून.